हौद्याच्या कडेला

कोल्हापुरात फुटबॉलच्या संघाला तालीम म्हणतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर सामना लागला की या नावांवरून पेठापेठांत बोलणे बंद होते. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र कळत नाही की अकरा पोरे चेंडूमागे धावताहेत, त्यात तालीम कुठून आली? उत्तर सोपे आहे. पेठेत तालीम आधीपासून होती. पोरे तिथे माती अंगाला लावायची, तिथेच गणपती बसवायची, भांडणेही तिथेच मिटवायची. मग कधीतरी चेंडू आला आणि तोही त्याच दारात राहायला लागला. क्लब हा शब्द आपण नंतर उचलला. त्याच्या पोटातली गोष्ट आपल्याकडे जुनी होती.

सुरुवातीलाच हे सांगायचे कारण असे की पुढचे पुस्तक एका पैलवानाचे आहे, आणि त्याचे हस्तलिखित वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सतत एक जर्मन फुटबॉलपटू येत होता. प्रस्तावना लिहिणाऱ्याने असे भलतेच पाहुणे घेऊन येऊ नये, हे मला मान्य आहे. पण आलाच आहे, तर त्याला आधी बसायला जागा देतो.

त्याचे नाव मिखाएल त्सोर्क. जन्म 1962 चा, डॉर्टमुंडचा. कोळसा आणि पोलाद यांवर उभे राहिलेले हे शहर. तिथे कामगाराचा रविवार आणि फुटबॉल यांची फारकत होत नाही. त्सोर्क मधल्या फळीत खेळायचा. 1981 ते 1998 अशी सतरा वर्षे तो बोरुसिया डॉर्टमुंड या एकाच संघाकडून खेळला. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत 463 सामने आणि 131 गोल, हे आकडे आघाडीच्या खेळाडूलाही शोभावेत. अनेक वर्षे तो कर्णधार होता. 1997 च्या मे महिन्यात म्युनिकला डॉर्टमुंडने युव्हेंटसला 3–1 ने हरवून युरोपातला सर्वांत मोठा चषक जिंकला, तेव्हा हा माणूस बाकावर होता. शेवटची एक-दोन मिनिटे उरली असताना त्याला आत पाठवले. त्या बदलाचा खेळाशी काही संबंध नव्हता. घरातल्या थोरल्याला पंगतीत बसवून घेण्यासारखे ते होते.

पुढच्या वर्षी त्याने खेळणे सोडले आणि त्याच क्लबच्या कचेरीत तो क्रीडा संचालक म्हणून बसला. 2022 पर्यंत तिथेच होता. खेळला सतरा वर्षे, कारभार पाहिला चोवीस. त्या चोवीस वर्षांत 2005 साली क्लब दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर गेला. 2008 मध्ये युर्गन क्लॉप हा प्रशिक्षक आला. 2010 मध्ये पोलंडमधून लेवांडोव्स्की नावाचा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला पोरगा आणला गेला. 2011 आणि 2012 अशी लागोपाठ दोन विजेतेपदे आली. आणि 2020 च्या जानेवारीत हालांड हा आघाडीचा खेळाडू आला. यातला एकही गोल त्सोर्कच्या नावावर नाही. कुणाला आणायचे, कुणाला कधी सोडायचे, कुणावर अजून दोन वर्षे भरवसा टाकायचा, एवढेच त्याचे काम. त्याच्या 131 गोलांचा हिशेब कुठेही मिळतो. या कामाचा हिशेब ठेवायला रकाना नाही.

आता आपल्या पैलवानाकडे येतो.

गणपतराव आंदळकर 1935 मध्ये शिराळा भागातल्या पुनवत गावी जन्मले, तेव्हा तो मुलूख सातारा जिल्ह्यात होता. ते चौदा वर्षांचे असताना, 1949 मध्ये, जिल्हा फुटला आणि त्यांचे गाव दक्षिण सातारा नावाच्या नव्या जिल्ह्यात गेले. 1960 मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच वर्षी आंदळकर हिंदकेसरी झाले. म्हणजे ज्याला सांगलीचा म्हणून आपण मिरवतो, तो पैलवान जन्माने सातारचा आणि घडणीने कोल्हापूरचा. या तिन्ही गावांनी त्यांच्यावरून वाद घालावा इतके ते मोठे होते, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून घालतात.

वारणेच्या खोऱ्यातला पोरगा कुस्तीसाठी कोल्हापूरला जाणार, हे तेव्हा ठरलेलेच असे. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभे केले, ते 1912 पासून गाजत होते. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे खेड्यापाड्यांत देवस्थानांसारखी घेतली जात. आंदळकर मोतीबागेत गेले. पहाटे तीन-साडेतीनला उठायचे, जोर मारायचे, बैठका काढायच्या, सपाट्या मारायच्या, मग हौद्यात उतरायचे. हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नसते. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवतात, रोज खोऱ्याने उकरतात. ती उकरण्याचे काम नव्या पोराकडे असते. पैलवानकीचा पहिला धडा डाव हा नसून खोरे आहे, असे जुने लोक म्हणत, त्यात थट्टा कमीच होती.

इथवरची गोष्ट आपल्या भागातल्या शंभर पैलवानांची आहे. वेगळेपणा सुरू होतो तो 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, आणि तिथे मला जरा रेंगाळायचे आहे.

ती स्पर्धा आपल्याकडे लक्षात आहे ती फुटबॉलमुळे. प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2–1 ने हरवले, तेही आपल्याविरुद्ध भडकलेल्या प्रेक्षकांसमोर. त्या सुवर्णपदकावर पुस्तके निघाली, सिनेमा निघाला. त्याच जकार्तात भारताने कुस्तीत तीन सुवर्णपदके मिळवली. त्यांतले एक मालवा यांचे. उरलेली दोन आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दोन माणसांची: कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर. मानेंना फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. आंदळकरांचे नेमके उलटे, त्यांच्याहून वरच्या वजनगटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. एका जिल्ह्यात, एका स्पर्धेत, चार पदके. यावर सिनेमा निघाला नाही.

पण माझा मुद्दा ग्रीको-रोमनचा आहे. या प्रकारात कमरेखाली धरायला बंदी असते. पायाला हात लावायचा नाही आणि पायाने अडवायचेही नाही. आता आपल्या मातीतल्या डावांची नावे आठवून पाहा. पट काढणे, एकलंगी, मोळी, आतली टांग, बाहेरची टांग. निम्मी विद्या पायांत आहे. ही निम्मी विद्या काढून घ्या आणि मग लढा, असे मातीतल्या पैलवानाला सांगणे म्हणजे ढोलकीवाल्याला एका हाताने वाजवायला लावणे. आंदळकर मातीत वाढले, गादीवर उतरले आणि जो प्रकार आपल्या परंपरेपासून सर्वांत लांबचा, त्यातच आशियात पहिले आले. ताकद तर होतीच. पण हाताशी काय आहे आणि काय काढून घेतलेले आहे, याचा असा थंड डोक्याने विचार करणारा पैलवान पुढे वस्ताद होणार, हे मला तिथेच दिसते. लेखकाने या पदकाला दोन पानांत उरकले आहे. मी त्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, तुम्ही प्रस्तावनेत लिहा. म्हणून लिहिले.

1964 मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकसाठी ते भारतीय पथकात होते. अर्जुन पुरस्कार मिळाला. पाकिस्तानातून खासबागेत उतरणाऱ्या पैलवानांशी झालेल्या लढती वेगळ्याच. त्यांची वर्णने या पुस्तकात भरपूर आहेत आणि ती मोठ्याने वाचण्यासारखी आहेत, हलगीसकट. त्यावर मी काही बोलत नाही.

मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या काळावर. लंगोट खुंटीला लावल्यावर आंदळकर मोतीबागेतच राहिले, वस्ताद म्हणून. लोक त्यांना आबा म्हणू लागले. कुस्तीगीर परिषदेतही त्यांनी पदाधिकारी म्हणून काम केले; पण त्यांची खरी कचेरी हौद्याच्या कडेला होती. 16 सप्टेंबर 2018 ला पुण्यात त्यांचे निधन झाले. लढण्याची वर्षे मोजली तर पंधराच्या आसपास भरतील. शिकवण्याची आणि कारभाराची वर्षे त्याच्या तिप्पट. आपल्याकडे पैलवानावर जे लिहिले जाते ते बहुतेक त्या पहिल्या पंधरा वर्षांवर: कोणाला कोणत्या डावावर, किती मिनिटांत, किती इनामावर पाडले. उरलेल्या वर्षांसाठी शेवटी एक ओळ असते, ‘पुढे त्यांनी अनेक मल्ल घडवले’. घडवले म्हणजे काय केले, हे कुणी सांगत नाही. या पुस्तकाची दोन तृतीयांश पाने त्या एका ओळीसाठी खर्च झाली आहेत आणि मला ते पुस्तक आवडण्याचे मुख्य कारण हेच.

वस्ताद म्हणजे नुसता डाव शिकवणारा नव्हे. तो प्रशिक्षक तर असतोच, शिवाय वसतिगृहाचा रेक्टर, खुराकाचा हिशेबनीस, घरच्यांशी बोलणारा वडीलधारा आणि पोराच्या वतीने करार करणारा माणूसही तोच. पोरगा तालमीत येतो तेव्हा बरोबर बाप असतो. बापाने दूध, तूप, बदाम यांसाठी म्हैस विकलेली असते किंवा कर्ज काढलेले असते. या पोरात काही आहे का, हे वस्तादाने सांगायचे. नसेल तर तेही सांगायचे, आणि हे दुसरे जास्त अवघड. एखाद्या पोराला आणखी चार वर्षे नुसतीच आशा दाखवून ठेवले की एक घर बसते.

मग जोड. बाहेरच्या माणसाला वाटते, कुस्ती हौद्यात होते. तालमीतल्या माणसाला माहीत असते की अर्धी कुस्ती जोड ठरवताना होऊन गेलेली असते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की कमिटीवाले तालमीत येतात. लहान पोरे रेवड्यांवर आणि नारळावर लढतात, मोठ्यांचे इनाम ठरते. यात्रेच्या कमिटीला मैदान गाजवायचे असते, म्हणून तिला नावाजलेल्या पैलवानासमोर चढता पोरगा हवा असतो. पोरालाही घाई असते. या घाईत नको त्या वयात नको तो जोड घेतला गेला तर गुडघा जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे धसका बसतो. धसका बसलेला पैलवान पुढे बचाव करत लढतो, कुस्ती बरोबरीत सुटावी एवढेच पाहतो आणि लोक शिट्ट्या मारतात. ‘अजून दोन यात्रा थांब’ असे म्हणणारा एकच माणूस असतो, आणि त्या वेळी तालमीत त्याच्याइतका नकोसा कोणी नसतो. डॉर्टमुंडच्या कचेरीत बसलेला त्सोर्क आणि मोतीबागेच्या कट्ट्यावर बसलेले आबा एकच काम करत होते असे मी म्हणतो, ते याच अर्थाने. एकाच्या हातात कोट्यवधी युरोचे करार होते, दुसऱ्याच्या हातात यात्रा कमिटीचा शब्द. पण कुठला पोरगा कधी तयार होतो, ही नजर दोन्हीकडे सारखीच लागते आणि ती विकत मिळत नाही.

आबांची नजर कुठे कुठे पोचली ते नावांवरून दिसते. चंबा मुत्नाळ 1967 आणि 1968 चे महाराष्ट्र केसरी. दादू चौगुले 1970 आणि 1971 चे महाराष्ट्र केसरी आणि 1974 च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. विष्णू जोशिलकर 1985 चे महाराष्ट्र केसरी. वसईकडचा ॲग्नेल निग्रो या तालमीत येऊन राहिला. शेवटचे नाव मला विशेष वाटते. ख्रिस्ती घरातला किनारपट्टीचा मुलगा कोल्हापूरच्या तांबड्या मातीत लोळायला येतो आणि तिथलाच होऊन जातो, हे तालीम नावाच्या संस्थेचे जुने वैशिष्ट्य. लंगोट लावल्यावर कोण कुठला, हे विचारायचे नसते.

या चित्राला काळी बाजू आहे आणि लेखकाने ती झाकलेली नाही. सगळे काही एका माणसावर उभे असते. वस्ताद असेपर्यंत तालीम असते. तो गेला की भिंती राहतात. डॉर्टमुंडमध्ये त्सोर्क निवृत्त झाला तेव्हा त्याच क्लबचा जुना मधल्या फळीतला खेळाडू सेबास्टियन केल त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे तयार होऊन बसलेला होता. आपल्याकडे वस्तादाच्या डोक्यात जे असते ते कागदावर येत नाही. कोणत्या पोराला कोणता खुराक सोसला, कुणाचा खांदा कशाने गेला, कुणाला गादीवर कधी नेले, याची एक वहीसुद्धा नसते. हे पुस्तक लिहिताना लेखकाला बहुतेक सगळे तोंडी गोळा करावे लागले आणि काही प्रकरणांत ते जाणवते. एकाच कुस्तीच्या तीन हकिगती तीन वेगळ्या वेळा सांगतात. लेखकाने तिन्ही दिल्या आहेत. बरे केले.

दुसरी गोष्ट खेळाडूला पुढे काय काम मिळते याची. सातारा-सांगलीच्या मातीत खेळाडू पिकले, पण खेळाच्या कारभारात त्यांतले किती बसले? विजय हजारे सांगलीत जन्मले, पण त्यांचा संसार आणि खेळ बडोद्याला. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी सामना जिंकला तेव्हा ते कर्णधार होते. पुढे ते निवड समितीवरही गेले, कारण क्रिकेटमध्ये ती वाट तयार होती. आणि खाशाबा जाधव? कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे वैयक्तिक प्रकारातले पहिले. त्यांना ऑलिंपिकला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकले होते, हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतरचे पाठ नाही. खाशाबा 1955 मध्ये पोलीस खात्यात फौजदार झाले, नोकरी केली, निवृत्त झाले आणि 1984 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या पैलवानाकडे जी विद्या होती ती देशाने फारशी वापरून घेतली नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 साली, मरणोत्तर. हे पुस्तक आंदळकरांचे आहे, पण मी ते खाशाबांची सावली बाजूला ठेवून वाचू शकलो नाही. दोघांमधला फरक कर्तबगारीचा नाही. एकाला लढणे संपल्यावर जायला तालीम होती आणि दुसऱ्याला पोलीस ठाणे.

आणि खेळांच्या संघटनांत कोण बसले, हे मी इथे लिहावे अशी वाचकांचीही अपेक्षा नसेल. यात्रेत पहिला फेटा कोणाला बांधतात ते आपण सगळे बघतच आलो आहोत.

लहानपणी मी मैदाने पाहिली ती सांगली जिल्ह्यातलीच. कुंडलचे मैदान भरले की आमच्या बाजूचे रस्ते सायकलींनी भरायचे. मोठ्या कुस्तीच्या आधी निवेदक जुन्या पैलवानांची नावे पुकारायचा, ते उठून हात जोडायचे आणि त्यांना फेटा बांधायचे. पोर म्हणून मला त्या भागाचा कंटाळा यायचा. या म्हाताऱ्यांना कशाला उठवतात, कुस्ती लावा की, असे वाटायचे. फुगलेले कान, रुंद मान, आणि अंगात ढगळ झालेला सदरा. त्यांतला एखादा बसताना शेजारच्या पोराच्या पाठीवर थाप मारून काहीतरी पुटपुटायचा, आणि थोड्या वेळाने तोच पोरगा हौद्यात उतरलेला दिसायचा. तो काय पुटपुटला, हे ऐकू येण्याइतका मी जवळ कधीच नव्हतो. या पुस्तकातली काही प्रकरणे वाचताना प्रथमच वाटले की थोडे ऐकू आले.

वाचकाला एकच सुचवतो. परिशिष्टात कुस्त्यांची यादी आहे, तिच्यापासून सुरुवात करू नये. मधले, तालमीतल्या एका दिवसाचे प्रकरण आधी वाचावे आणि मग मागे यावे. दादू चौगुले यांच्यावरचे प्रकरण मात्र शेवटीच ठेवावे. राधानगरीकडच्या अर्जुनवाड्याचा हा मुलगा आबांच्या हाताखाली तयार झाला, खेळून झाल्यावर मोतीबागेतच वस्ताद म्हणून उभा राहिला, आणि त्याचा मुलगा विनोदही हिंदकेसरी झाला. 2018 मध्ये दादूंना ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला. हा पुरस्कार तेव्हा खेळातल्या कामगिरीसाठी आणि निवृत्तीनंतर खेळासाठी केलेल्या कामासाठी देत असत. 25 सप्टेंबरला राष्ट्रपती भवनात तो घ्यायला दादू दिल्लीला गेले, तेव्हा आबांना जाऊन नऊ दिवस झाले होते.